पऱ्हाटीचा कोळसा आणि माझा हातगुण

१ ऑक्टोबर २०२५

खंडेनवमी. उद्या दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, म्हणजे सुट्टी. म्हणून विभागातल्या यंत्रांची पूजा आजच उरकली. उरकली कसली! सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेच चाललं होतं. ‘आज केमिकल इंजिनिअरिंगचे तास नाहीत’ असं पोरांनी फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याभोवती वेलबुट्टी काढली.

हरदास सर लॅबमध्ये इतका वेळ थांबतात ते वर्षातून आजच. विभागप्रमुख आहेत, शिवाय माझ्या पीएच.डी.चे गाईड. डिस्टिलेशनचा तो उंच कॉलम मी इथे विद्यार्थिनी होते तेव्हापासून एकदाही चाललेला नाही — त्याला सगळ्यात मोठा हार. दळायच्या बॉल मिलचा पट्टा तुटून जमाना झाला — तिला हळदकुंकू, अक्षता, वर अगरबत्ती. मागे एकदा विचारलं होतं, सर, मिल दुरुस्त करून घ्यायची का? ‘अहो मॅडम, वापरली की बिघडतात यंत्रं. आहे तशी छान आहे.’ रोज चालणारं यंत्र एकच, माझी भट्टी. तिच्या वाट्याला झेंडूची दोन फुलं!

नारळ मात्र भट्टीपुढे फोडायचा ठरला, कारण तिथे उभं राहायला जागा होती. पऱ्हाटीच्या काड्यांचे तुकडे भरलेले माझे लोखंडी डबे झाकणं काढून समोर मांडायला लावले. देवाला काम दिसलं पाहिजे म्हणे. नारळ काही फुटेना. फरशीवर आपटला, नाही. दाराच्या चौकटीवर आपटला, नाही. शेवटी भट्टीच्या स्टँडवर असा फुटला की पाणी सरांच्या सफारीवर आणि तुकडे चहूकडे. सगळे हसले. सरसुद्धा हसले, म्हणाले, ‘चांगला शकुन आहे.’

प्रेमदासने, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटने, खोबरं काढून प्रसाद वाटला. मग आवराआवर त्याच्यावरच सोपवली. ‘मॅडम, तुम्ही जा बिनधास्त. डबे झाकून भट्टी मी लावून देतो.’ गेले बाई. घरी आपट्याची पानं आणायची होती.

४ ऑक्टोबर

आज मिक्सरने जीव खाल्ला. बॉल मिल फक्त पूजेपुरती असल्यामुळे माझा कोळसा माझ्या लग्नातल्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळला जातो. एरवी पिठासारखा होतो. आज कडकड, कडकड! बाजूच्या लॅबमधून कोणीतरी डोकावून गेलं.

पण त्यानंतर जे झालं! निळ्या रंगाच्या पाण्यात कोळसा टाकला, हलवलं, गाळलं — आणि खाली पाणी! नुसतं पाणी! निळेपणाचा मागमूस नाही. मी आधी समजले, चुकून साधं पाणीच घेतलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. लाल रंग घेतला. गेला!

इतकी वर्षं माझी पऱ्हाटी जेमतेम अर्धा रंग ओढायची. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहणारी काडी ती, आमच्याकडे चुलीत घालतात. तिचा कोळसा करून रंगाईच्या कारखान्याचं पाणी साफ करायचं, एवढाच माझा विषय. शेवटचं प्रकरण लिहायला हातात काही नव्हतं. आज आलं.

धनंजयला फोन केला. हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर आहे नवरा माझा. त्याचं पहिलं वाक्य — ‘मस्त! मंग आज जेवाले काय करून राह्यली?’

७ ऑक्टोबर

सरांनी गाळलेलं पाणी उजेडात धरून पाहिलं. हुंगलं. मला भीती होती पितात की काय! मग म्हणाले, ‘मॅडम, सगळं तेच. पऱ्हाटी तीच, भट्टी तीच. मग यश आत्ताच का? हा हातगुण आहे तुमचा. काही लोकांच्या हाताला असतं. आमच्या आत्याबाईंनी घातलेलं लोणचं कधी नासलं नाही.’

मी म्हटलं, सर, तापमान, वेळ, काडीची जाडी, सगळं तपासायला हवं. ‘तपासा, तपासा,’ म्हणाले, आणि दुपारच्या बैठकीत सगळ्यांसमोर माझ्या हातगुणाच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. अनुमोदनसुद्धा मिळालं.

हसून हसून मेले. पण इथे खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. घरी येऊन एकदा तळहात पाहून घेतले.

९ ऑक्टोबर

रक्षाला कामाला लावलं. एम.टेक.ला आहे, दुसऱ्या वर्षाला. तिचा विषय — माझाच कोळसा मोठ्या प्रमाणावर करून दाखवायचा. सुटा, स्वच्छ विषय आहे, पोरगी वर्षात मोकळी होईल.

रोहण्याची आहे. बी.टेक.ला माझ्या हाताखाली शिकली. पुढे शिकवायचं नव्हतं घरी, तर मी स्वतः रोहण्याला जाऊन तिच्या वडिलांसमोर, अण्णाजींसमोर, बसले होते. ‘पोरीची बुद्धी वाया जाऊ देऊ नका. माझ्यावर सोडा.’ अण्णाजींनी भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमच्यावर सोडली.’

पहिल्या मालाची बरणी तिच्या ताब्यात दिली. चाळून, निवडून ठेव म्हटलं. नमुना म्हणून तोच समोर ठेवायचा.

१६ ऑक्टोबर

पेपरवाले आले! फोटोसाठी मला एका हातात पऱ्हाटी आणि दुसऱ्या हातात काचेचा ग्लास धरायला लावला. सर मागे उभे, दोन्ही हात माझ्या डोक्यावर आशीर्वादासारखे. तो फोटो छापू नका म्हटलं.

मधेच रक्षा दारात येऊन उभी राहिली. मूठ मिटलेली. ‘मॅडम, एक दाखवायचं होतं.’ मी पदर सावरत होते, फोटोवाला मान डावीकडे, उजवीकडे करायला लावत होता. म्हटलं, ‘अगं, नंतर ये.’ जराशी थांबली. ‘काई नाई मॅडम.’ गेली.

आता लिहिताना आठवलं. उद्या विचारीन काय होतं ते.

१७ ऑक्टोबर

तोच फोटो छापला! मथळा — ‘वर्ध्याच्या प्राध्यापिकेच्या हाती पऱ्हाटीचं सोनं’. सासूबाईंनी कात्रण कापून देव्हाऱ्याच्या भिंतीला लावलं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. धनंजयने माझ्या मिक्सरलाही कुंकू लावलं. थट्टा करतो मेला.

१० नोव्हेंबर

रक्षाचा पहिला माल निघाला. अर्धा रंगही गेला नाही. जुन्या पऱ्हाटीसारखाच. सर म्हणाले, पहिलीच वेळ आहे. मी पण तेच म्हटलं.

२० नोव्हेंबर

पुन्हा नाही. रक्षाने सगळं माझ्या पद्धतीने केलंय, मी स्वतः तिची कृती पाहिली. सरांनी निदान केलं — ‘हात नाही.’ उपायही सांगितला. भट्टी गुरुवारी लावायची, आणि मॅडमनी बटण दाबायचं. आज गुरुवारच होता, म्हणून मी लगेच बटण दाबलं. एका विद्यापीठाच्या केमिकल इंजिनिअरिंग विभागात हे चाललंय! अशा लोकांच्या हाताखाली संशोधन करायचं म्हणजे कपाळ बडवून घ्यायचं काम.

संध्याकाळी रक्षा म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या त्या पहिल्या मालात अजून काही पडलं असन का?’

मला राग आला. माझ्या डब्यात? म्हटलं, ‘रक्षा, आधी स्वतःचे डबे नीट घासत जा.’ बोलून गेल्यावर वाईट वाटलं. पण तिनंही असं विचारायचं म्हणजे काय!

२१ नोव्हेंबर

बटणाचा उपयोग झाला नाही. सर म्हणतात, अगरबत्ती लावायला हवी होती.

२८ नोव्हेंबर

मी स्वतः केलं. रक्षाला सुट्टीवर पाठवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने.

नाही आलं.

कोणाला सांगितलं नाही. यंदाची काडी ओली असेल. परतीचा पाऊस लांबला होता.

१५ डिसेंबर

थीसिस बांधून आला. मरून रंगाचं कापड, सोनेरी अक्षरं. पहिल्या मालाचे आकडे शेवटच्या प्रकरणात झोकात बसलेत. ते आकडे खरेच आहेत. मी मोजलेत. दुसऱ्यांदा का येत नाहीत हा पुढच्या संशोधनाचा विषय आहे, असं एक वाक्य मी लिहिलं होतं. सरांनी ते काढलं. ‘पुढचं पुढे बघू.’

शोधनिबंधही स्वीकारला गेला. लेखकांत पहिलं नाव सरांचं, मग कुलसचिवांचं, मग माझं, मग अभिराम हरदास. अभिराम म्हणजे सरांचा मुलगा, बारावीला आहे. आलेख रंगीत करून दिले त्याने. रक्षाचं नाव घालू का विचारलं, तर म्हणाले, तिचं काम कुठे यशस्वी झालंय?

थीसिस आज विद्यापीठात जमा. करारावरची मास्तरकी आता बास. दर जूनमध्ये ऑर्डर येते की नाही म्हणून देव पाण्यात घालून बसायचं! मे महिन्यात कायम जागेची मुलाखत आहे, त्याआधी डॉक्टरेट हातात हवी. सर म्हणाले, एप्रिलपर्यंत करून देतो. परीक्षक त्यांच्या ओळखीचे आहेत.

१९ जानेवारी २०२६

नीट क्रमाने लिहिते.

विभागाची तपासणी करणारी मूल्यांकन समिती आज आली. आठवडाभर विभागाला रंग चालला होता. ओला रंग लागू नये म्हणून कॉलमला टेकू नका अशी पाटी होती. ती समितीला सुरक्षेची पाटी वाटली आणि त्यांनी कौतुक केलं. स्वागताला गोरसपाक बिस्किटं आणि तर्रीपोहे. तर्री खाल्ल्यावर अध्यक्षांनी बराच वेळ काही प्रश्न विचारले नाहीत.

सरांनी आधीच ठरवलं होतं — मंजुषा मॅडमचा प्रयोग समितीसमोर करून दाखवायचा. माल सकाळीच भट्टीत घालायचा होता. सरांनी पुन्हा नारळ आणला, पुन्हा डबे उघडे मांडले. या वेळी पहिल्याच फटक्यात फुटला. प्रसाद वाटून झाला, सर समितीला आणायला गेटवर गेले. मी पाणी प्यायला वळले आणि परत पाहिलं तर प्रेमदास करवंटीचे तुकडे एक एक करून माझ्या डब्यात मांडत होता. नीट, हलक्या हाताने, पऱ्हाटीच्या खाली सारून.

‘प्रेमदास! काय करतोस?’

‘काऊन मॅडम? देवाचं हाये. कचऱ्यात टाकलं तं पाप लागन. नदीत सोडाव तं नदी कुठं, आपण कुठं! इथं साक्षात अग्नी हाये.’

‘दसऱ्याला पण —?’

‘दसऱ्याले पण म्याच टाकलती. मंग पाहा, तुमाले यश आलं का नाई!’ आणि इतक्या प्रेमाने हसला.

मी ‘काढ ते’ म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात सर आत — ‘झाली का तयारी? चला, भट्टी लावा! समिती चहा घेऊन येतेच आहे.’ प्रेमदासने झाकण लावलं. मी बटण दाबलं.

दुपारी मिक्सर कडकड वाजला. समितीसमोर निळं पाणी ओतलं, खाली स्वच्छ पाणी आलं. टाळ्या! अध्यक्ष म्हणाले, ‘विदर्भाच्या मातीतलं संशोधन.’ सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हातगुण.’

रक्षा मागे भिंतीला टेकून उभी होती. टाळ्या वाजवत नव्हती. पण माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग दिसला नाही मला.

२० जानेवारी

नुसत्या करवंटीचा कोळसा करून पाहिला. रंग गेला. नुसत्या पऱ्हाटीचा केला. अर्धा.

नारळाच्या करवंटीचा कोळसा! जगात कुठल्याही पाण्याच्या फिल्टरवाल्याला विचारा. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात आहे. मी स्वतः दर वर्षी शिकवते, परीक्षेत टिपा लिहा म्हणून विचारते. आणि मला मिक्सरच्या आवाजावरून कळलं नाही! पऱ्हाटी कधी कडकड वाजते का?

रक्षाचा हात चांगलाच होता. तिच्या डब्यात नारळ नव्हता, एवढंच.

२२ जानेवारी

सरांना सांगितलं. केबिनचं दार लावून, सगळं. करवंटी, प्रेमदास, अग्नी. मला वाटलं चिडतील. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

‘मॅडम, पहिलं सांगा. नारळ कोणी फोडला?’

‘तुम्ही, सर.’

‘म्हणजे यात माझंही योगदान आहेच.’

मी म्हटलं, सर, पण थीसिस पऱ्हाटीवर आहे. तर म्हणाले, ‘बरोबर. कारण विदर्भात नारळ होतो का? नाही होत. समितीने काय लिहिलंय? विदर्भाच्या मातीतलं संशोधन. पऱ्हाटी हा तुमचा विषय. करवंटी हा अपघात. अपघात थीसिसमध्ये लिहीत नसतात.’

मी उठले. ‘आणि मॅडम, रक्षाला हे बोलू नका. आजकालची मुलं लगेच मोबाईलवर टाकतात. तुमची मुलाखत मेमध्ये आहे ना?’

धमकी नव्हती ती. काळजीनेच म्हणाले. म्हणून जास्त राग आला.

२३ जानेवारी

धनंजयला सांगितलं. भाजी चिरायची सोडून तो खो-खो हसला. मग माझं तोंड बघून म्हणाला, ‘हे पाय, आता काऊन टेन्शन घेऊन राह्यली? तू काही चोरी नाई केली. एकदा डॉक्टर होऊन जा, मंग आरामात सांगजो सगळ्याइले. पक्क्या नोकरीवाल्याचं लोक ऐकतात.’

हे खरं आहे. करारावरची बाई बोलली तर कोण ऐकणार? बाहेर काढतील आणि वर हरदास सर दुसरी कोणी आणून तिचा हातगुण काढतील. डॉक्टरेट झाली, जागा पक्की झाली की पहिलं काम हेच — दुरुस्तीचं पत्र पाठवायचं. आणि रक्षाचं सगळं नीट करायचं. ठरलं.

५ फेब्रुवारी

लॅबमध्ये रक्षाशेजारून जाताना पाय घाईने पडतात.

२७ फेब्रुवारी

रक्षा अजून पऱ्हाटीच करून राहिली आहे. (धनंजयची भाषा लागली लेखणीला!) काडी बारीक कापून, जाड कापून, वाळवून, भिजवून. दर वेळी तोच अर्धा रंग. तिला म्हटलं, ‘विषय थोडा बदलून घे ना, करवंटी वगैरे मिसळून —’ आणि जीभ चावली. ती म्हणाली, ‘नाई मॅडम. तुमचा विषय पऱ्हाटी हाये नं. मी पऱ्हाटीच करतो.’

फार सरळ पोरगी. कधीकधी सरळपणाचाही त्रास होतो दुसऱ्याला.

१९ मार्च

पाडवा. भट्टीला साखरेची गाठी घातली होती प्रेमदासने. चालू केल्यावर वितळली.

६ एप्रिल

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतंय. पण मग ही वही कशाला ठेवायची?

सरांनी रक्षाच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं. ऊन मी म्हणत होतं, अण्णाजी एस.टी.ने आले, टोपीने घाम पुसत बसले. कूलर सरांच्या बाजूला वळवलेला. सर म्हणाले, ‘मुलगी चांगली आहे हो तुमची. पण हात नाही. मॅडमचा प्रयोग समितीसमोर यशस्वी झाला आणि हिच्याकडून एकदाही नाही. मी प्रबंधावर सही कशी करू? पुन्हा एक वर्ष करावं लागेल. नाहीतर मग...’

अण्णाजींनी माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, तुमी सांगा. पोरगी कुठं कमी पडली?’

मी सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. अण्णाजी, तुमची पोरगी कमी पडली नाही, तिच्याच हाताचे आकडे खरे आहेत. एवढं.

मी म्हटलं, ‘प्रयत्न खूप करते ती.’

रक्षा खाली मान घालून नखाने ओढणीचा दोरा उसवत होती. बाहेर पडताना अण्णाजी तिला म्हणाले, ‘चाल बाई.’ मला नमस्कार केला त्यांनी. पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

शेंगा प्रेमदासला देऊन टाकल्या. घरी नेववल्या नाहीत.

मे महिन्यानंतर मी तिचं सगळं नीट करणार आहे. स्वतः रोहण्याला जाईन. हे इथे लिहून ठेवते.

१७ एप्रिल

डॉ. मंजुषा भोयर!

तोंडी परीक्षेला हॉल भरला होता. परीक्षक आदल्या दिवशीच आले, सेवाग्राम पाहिलं, खादीची शाल घेतली, आज सकाळी थीसिस उघडला असावा. रंगाबद्दल एक प्रश्न, भट्टीबद्दल एक. मग शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘हा निकाल पुन्हा मिळतो का?’

हॉलमध्ये पंखे फिरत होते. सर पहिल्या रांगेत हसरे. प्रेमदास दाराशी चहाचे कप घेऊन. रक्षा आलेली नव्हती. बरं झालं.

‘हो सर. मूल्यांकन समितीसमोर मिळाला.’

खोटं नव्हतं त्यात काही! परीक्षकांनी मान डोलावली. टाळ्या. शाल आणि — श्रीफळ! सरांनी ते माझ्या ओटीत घातलं तेव्हा मला भर हॉलमध्ये हसू फुटलं. सगळ्यांना वाटलं आनंदाने. सासूबाई रडल्या. धनंजयने खरंच आनंदाने पेढे वाटले, जिनिंगच्या हमालांपर्यंत सगळ्यांना.

मला पण आनंद झाला. झाला की! इतकी वर्षं वाट पाहिली होती.

२१ एप्रिल

दारावर नवी पाटी लागली. पितळी. प्रेमदासने पाटीवर कुंकवाचं बोट ओढलं. सरांनी फर्मान काढलं — विभागातली सगळी नवीन यंत्रं यापुढे डॉ. मंजुषा मॅडमच्या हाताने चालू होतील. अशी माणसं! ह्यांच्यावर एक पुस्तक होईल. नोकरी पक्की झाली की लिहीनच.

२४ एप्रिल

रक्षाचं नाव हजेरीतून कमी झाल्याचं ऑफिसातून कळलं. आर्वीला कुठल्याशा कोचिंग क्लासमध्ये शिकवणार आहे म्हणे. वर्ष पुन्हा करायला अण्णाजी तयार नाहीत.

मुलाखत होऊ दे फक्त.

२९ एप्रिल

रक्षा आली होती. लॉकरची किल्ली द्यायला. पाया पडली, अभिनंदन म्हणाली. मग मूठ पुढे केली आणि उघडली. करवंटीचा तुकडा. जळून काळा झालेला, मिक्सरलाही न फुटलेला.

‘तुमच्या पहिल्या बरणीतला हाये मॅडम. चाळणीत राह्यलता. दिवाळीच्या आंधीच घावला मले. तवाच दाखवाले आलती मी, फोटो चालू होता तुमचा. मंग म्हटलं, जाऊ दे. तुमची पीएच.डी. होऊन जाऊ दे. माह्या बाबाले समजावाले तुमीच तं आल्या होत्या रोहण्याले.’

टेबलावर ठेवून गेली.

मी तिला ‘नंतर ये’ म्हटलं होतं. ती नंतर आली.